पुढचं नाव कुणाचं

आमच्या नातीला जन्मून दोन महिने होऊन गेले तरी तिला नाव नव्हतं, आणि याला मी जबाबदार आहे असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांना मी एवढंच सांगेन, की अर्धी जबाबदारी विहीणबाईंची आहे. माझ्या वाटणीची अर्धी मी कबूल करायला तयार आहे. पण त्यांनी आधी करावी.

खरं म्हणजे सुरुवात फार गोड झाली होती. लेकीने दवाखान्यातच, पलंगावर पडल्या पडल्या जाहीर केलं, "बाबा, हिला दोन्ही आज्यांची नावं द्यायची. जोडून. मध्ये छोटीशी रेघ." मी चष्मा काढून पुसू लागलो. चष्मा स्वच्छ होता. लेकीची आई, म्हणजे आमची ही, नात पोटात असतानाच गेली. बाळाची झबली शिवायला कापड आणून ठेवलं होतं तिने, ते तसंच घडी घातलेलं राहिलं. त्यामुळे हिचं नाव परत घरात येणार म्हटल्यावर माझा चष्मा काही केल्या स्वच्छ होईना.

मग लेक म्हणाली, "आधी सासूबाईंचं आणि मग आईचं. तसं म्हणायला बरं वाटतं."

मी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला.

आता इथे माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. गणित किती जणांना आलं याबद्दल दुमत आहे, पण हजेरी मी कधी चुकवली नाही. हजारो पोरांची नावं मी खणखणीत आवाजात घेतली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो, जोडनाव हा निव्वळ कागदावरचा प्रकार आहे. ज्या ज्या पोरीला आईबापांनी हौसेने दोन नावं दिली, तिचं मागचं नाव पहिल्या आठवड्यातच गळून पडलं. मैत्रिणी पुढचं नाव धरतात, मास्तर पुढचं नाव धरतात, शेवटी आईबापसुद्धा पुढचंच धरतात. मागचं नाव वहीच्या पहिल्या पानावर राहतं. थोडक्यात, नातीला दोन नावं मिळणार असली तरी हाक एकाच नावाने मारली जाणार होती, आणि ते नाव विहीणबाईंचं असणार होतं.

हे मी लेकीला उदाहरणांसह पटवून दिलं. ती बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "बाबा, नंतर बोलू." माझ्या वर्गातली पोरंही असंच म्हणायची.

कुणी म्हणेल, एवढं काय अडलं होतं? तर सांगतो. हिचं नाव तीन अक्षरी, साधं. घरात ते मी कधी घेतलं नाही. आमच्या वेळी नवऱ्याने बायकोला 'अगं' म्हणायचं आणि बायकोने नवऱ्याला 'अहो', आणि त्यात कुणालाच काही कमी वाटत नसे. लेक 'आई' म्हणायची, शेजारपाजार 'वहिनी'. ही गेल्यावर लक्षात आलं, की हिचं नाव आता जगात एकच माणूस घेतो आणि तो म्हणजे गॅसचा सिलिंडर आणणारा. गॅस हिच्या नावावर होता. तो खाली गाडी लावायचा आणि कागद बघून वर तोंड करून हिचं नाव पुकारायचा, शेवटी आडनाव जोडून. मी गॅलरीत आधीच जाऊन उभा राहायचो, पण पहिल्या हाकेला उत्तर देत नसे. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं की मगच हात हलवायचा. गॅस माझ्या नावावर करून घ्यावा म्हणून एजन्सीची दोन पत्रं येऊन पडली होती. ती मी रद्दीत घातली. एकटा माणूस किती गॅस जाळणार? तरी मी पाणी तापवून तापवून सिलिंडर संपवत असे.

तेव्हा नातीच्या नावात हिचं नाव पुढे असणं ही माझ्या दृष्टीने शोभेची गोष्ट नव्हती. दिवसातून दहा वेळा कुणीतरी ती हाक मारणार होतं.

मी समोरच्या काकूंचा सल्ला घेतला, ही माझी पहिली चूक. काकू म्हणजे आमच्या मजल्यावरचं सल्ला केंद्र. वेळ ठरलेली नाही, फी नाही, आणि न विचारता सेवा घरपोच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, नाव कागदावर बघून कळत नाही. जिन्यात खाली उभं राहा आणि वर हाक मारून बघा. पोरांना आयुष्यभर जिन्यातूनच बोलवायचं असतं. जे जिभेवर बसेल ते पुढे."

मला हे शास्त्रीय वाटलं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी तळमजल्याला उतरलो. प्रयोग निःपक्षपाती असावा म्हणून आधी विहीणबाईंचं नाव पुढे घेऊन पूर्ण जोडनाव पुकारलं. काही विशेष वाटलं नाही. मनातल्या मनात मी गुण कापले. मग हिचं नाव पुढे घेऊन हाक मारली.

वर्गातला आवाज होता, रिकामा जिना होता. तीन अक्षरं वरच्या मजल्यापर्यंत गेली. आणि उरलेलं अर्धं नाव माझ्या तोंडातून निघेना. मी तिथेच थांबलो. मग परत हाक मारली, नुसत्या हिच्याच नावाने. मग आणखी एकदा.

दारं उघडू लागली. ज्यांनी सल्ला दिला त्या काकूच आधी बाहेर आल्या, कठड्यावरून वाकून बघितलं आणि "अगं बाई!" म्हणून पायरीवर बसल्या. तळमजल्यावरचा औषधवाला दुकान उघडं टाकून रक्तदाबाचं यंत्र घेऊन धावला. त्याने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "सर, वहिनी आता नाहीत ना? आपल्याला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "मी नातीचं नाव ठरवतोय."

"हो हो, ठरवू आपण," तो म्हणाला आणि पट्टा आवळला. रक्तदाब वाढलेला निघाला. भर दुपारी चारचौघांत दंडाला पट्टा बांधून जिन्यात बसवलं तर कुणाचा वाढणार नाही? पण त्याने तो आकडा पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवला. कुणीतरी लेकीला फोन केला. संध्याकाळी ओली बाळंतीण, बाळ आणि जावईबापू असे तिघंही रिक्षाने येऊन धडकले. जावईबापू स्वभावाने अतिशय गरीब. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि मधूनच पाण्याचा पेला पुढे करत राहिले. तेव्हापासून आमच्या इमारतीत माझ्याशी सगळे जरा सावकाश आणि मोठ्याने बोलतात.

अशा रीतीने अब्रू गेलीच होती, तेव्हा जाऊन सरळ विहीणबाईंनाच भेटावं असं मी ठरवलं.

विहीणबाई लेकीच्याच घरी राहतात. बाई ताठ. बोलणं मोजकं, साडीची घडी मोडलेली कधी दिसायची नाही. चहा त्या चांगला करतात, पण समोर असा ठेवतात की आपण हिशेब तपासायला आलोय असं वाटावं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुद्दे काढून नेले होते. पहिला मुद्दा वर्णानुक्रमाचा, त्यात हिचं नाव आधी येत होतं. दुसरा सोयीचा, छोटं नाव पुढे असावं. तिसरा मुद्दा मांडताना माझा आवाज जरा हलला. मी म्हणालो, "विहीणबाई, तुम्ही आहात. देवाच्या दयेने चांगल्या ठणठणीत आहात. जे माणूस राहिलं नाही त्याला पुढे बसवावं, एवढंच माझं म्हणणं."

त्या बाळाची लंगोटी घडी करत होत्या. ती घडी पूर्ण करून म्हणाल्या, "माझं पुढेच राहू दे."

"पण का?"

"राहू दे म्हटलं ना."

मी उरलेला चहा न पिता उठलो. माझ्या मते हा निषेध होता. त्यांनी कप उचलला आणि विचारलं, "साखर कमी झाली का?"

जाता येता मी लेकीपाशी बोलून घ्यायचो, की काही माणसांना स्वतःच्या नावाची फार हौस असते. विहीणबाईही काही बोलत असाव्यात, किंवा न बोलता बसत असाव्यात, त्याचा त्रास जास्त. जावईबापूंनी मध्येच तोडगा सुचवला, की दोन्ही नावं सोडून तिसरंच ठेवू या. त्या दिवशी माझं आणि विहीणबाईंचं पहिल्यांदा एकमत झालं आणि दोघांनी मिळून त्यांना गप्प बसवलं.

आणि एके दिवशी लेक रडली. मोठ्याने नाही. बाळाला लस टोचून आणली होती, तिथल्या परिचारिकेने कार्डावर नावाच्या जागी आडवी रेघ मारली होती. ते कार्ड माझ्या आणि विहीणबाईंच्या मध्ये टेबलावर टाकून ती म्हणाली, "मला आईचं नाव हवं होतं. भांडण नको होतं. आई असती तर तिने तुम्हाला दोघांना बाहेर काढलं असतं." मग तिने अर्जावर सही केली, नवऱ्याची घेतली, नावाची जागा कोरी ठेवली आणि अर्ज विहीणबाईंच्या हातात दिला. "दोघं जा. जे ठरेल ते लिहा. नाव लिहून झाल्याशिवाय घरी येऊ नका."

मी निवृत्त शिक्षक. मला आजवर कुणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं.

जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, दोन बाकं, एक खिडकी आणि खिडकीमागे एक कारकून. जन्माला आणि मृत्यूला रांग एकच. माझ्या पुढे एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता, त्याच्या पुढे एक जण मान खाली घालून. हिच्या वेळी मी याच खिडकीपाशी आलो होतो, हे मला तिथे पोचल्यावर आठवलं. तोच कारकून होता. त्याने मला ओळखलं नाही, आणि का ओळखावं?

आमची पाळी आल्यावर त्याने अर्ज उलटापालटा केला. "नाव कुठाय?"

"जोडनाव आहे," मी म्हणालो. "क्रम ठरायचाय."

"दोन नावं एकाच मुलीला? पुढं दुसरी झाली तर काय करणार?"

"तो प्रश्न तिच्या आईबापांचा आहे."

"हे बघा काका, दाखल्यावर दोन्ही येतील. पण पुढं जी कार्डं निघतात ना, त्यांत जागा नसते. मशीन पहिलं घेतं आणि बाकीचं कापतं. नंतर तक्रार घेऊन यायचं नाही." म्हणजे जे मी लेकीला पहिल्या दिवसापासून सांगत होतो तेच हा सरकारी माणूस सांगत होता. मी विजयी मुद्रेने विहीणबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरचा पंखा बघत होत्या. कारकुनाने अर्ज आणणाऱ्याचं नाव विचारलं, विहीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं, त्याने ते चिठ्ठीवर टिपलं आणि म्हणाला, "बसा. ठरवा. मी पुकारतो."

आम्ही बाकावर बसलो. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. ठरवलं काहीच नाही. पेढेवाल्याला पुकारून त्याचा अर्ज घेतला, त्याने सगळ्यांना पेढे वाटले, मान खाली घातलेल्या माणसालाही दिला, आणि त्यानेही तो खाल्ला. बराच वेळ गेला. मग खिडकीतून कारकुनाने नाव पुकारलं. विहीणबाईंचं. नुसतं. स्पष्ट, मोठ्याने.

मी ताडकन उठलो. माझी खात्रीच झाली की याने परस्पर विहीणबाईंचं नाव पुढे टाकून नातीची नोंद उरकली. "थांबा!" मी ओरडलो. "हे नाव ठरलेलं नाही! कुणाला विचारून लिहिलंत? मी वर लेखी तक्रार करीन!"

सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. कारकुनाने तेच नाव आणखी एकदा पुकारलं, या वेळी चिडून. मी आणखी चिडून सांगितलं, की या नावाला माझी हरकत आहे. तो म्हणाला, "अहो, हरकत कसली? बाईचं नाव आहे! ज्या बाईने अर्ज आणला तिचं!" आणि जेवणाची सुटी झाल्याची पाटी त्याने धाडकन खिडकीत उभी केली.

माझ्या लक्षात आलं तेव्हा कानशिलं गरम झाली. पण त्याहून एक गोष्ट चमत्कारिक वाटली. मी वळून बघितलं. विहीणबाई तशाच बसून होत्या. दोनदा नाव पुकारलं तरी त्या उठल्या नव्हत्या, मानसुद्धा वळवली नव्हती. आता त्या माझ्याकडे गोंधळून बघत होत्या.

"मला बोलवत होते का ते?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच नाव घेतलं की त्यांनी."

"हो ना," त्या म्हणाल्या. "ऐकलं मी. पण मला वाटलं, असेल कुणीतरी त्या नावाची." आणि त्या हसायला लागल्या. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. तोंडावर पदर धरून हसल्या, आणि मग पदर खाली आला तेव्हा डोळे पुसायला तोच घेतला.

मी मधली जागा सोडून सरकून बसलो. 

त्या खिडकीतल्या पाटीकडे बघत म्हणाल्या, "माझी थोरली बहीण होती. दर रविवारी फोन करायची. फोन उचलला की आधी नाव घ्यायची माझं, मग बोलायची. गेली ती मागच्या वर्षी. तिच्यानंतर कुणी नाही हो. मुलगा आई म्हणतो, सून आई म्हणते, शेजारी काकू म्हणतात. यजमान तुमच्यासारखेच होते, 'अगं' म्हणायचे. आणि तुम्ही विहीणबाई." मग त्या म्हणाल्या, "मला पुढे बसायची हौस नाही. घरात कुणीतरी त्या नावाने हाक मारावी असं वाटत होतं. पोरीला मारली तरी चालेल. ऐकू तर येईल."

मला माझ्या मुद्द्यांचा कागद खिशात टोचत असल्यासारखं वाटलं. हिच्या नावासाठी भांडायला मी होतो, लेक होती, आणखी कुणी नाही तर गॅसवाला होता. आणि ही बाई जिवंत असून स्वतःच्याच नावाला परकी झाली होती. मी दोन महिने त्या नावाचे गुण कापत होतो. त्या नावाचं एक माणूस माझ्यासमोर चहा ठेवत होतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर हिच्यासाठीही तितकंच वाटलं, कारण आता काय करायचं ते मला कळलं होतं आणि ते करायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

मी अर्ज त्यांच्या हातातून घेतला. पेन चालेना. दाखल्यासाठी थांबलेल्या पेढेवाल्याचं उसनं घेतलं. आधी विहीणबाईंचं नाव लिहिलं, रेघ मारली आणि मग हिचं. अक्षर माझं वळणदार आहे, पण हिचं नाव जरा खाली घसरलं.

"अहो, हे काय," त्या म्हणाल्या.

"तसं म्हणायला बरं वाटतं," मी म्हणालो. "लेक पहिल्यापासून सांगत होती. तुम्हीच विनाकारण ताणलंत."

जेवून आलेल्या कारकुनाने शिक्का मारला.

याला आता दीड वर्ष झालं. मी म्हणालो होतो तसंच घडलं. मागचं नाव पहिल्या आठवड्यातच गळून पडलं. घरात दिवसभर विहीणबाईंच्या नावाचा गजर चालतो. नात दुडुदुडु धावते, जावईबापू तिला बोलवतात, आणि आतल्या खोलीतून विहीणबाई आधी "ओ" देतात, मग जीभ चावतात. साडीची घडीही हल्ली मोडलेली असते. मी त्या घरी दर दोन दिवसांनी जातो, आणि सगळ्यांना वाटतं की नातीच्या ओढीने जातो. ते खरंच आहे, पण पूर्ण नाही.

नातीने काही मोठा उद्योग करून ठेवला, की लेकीचा पारा चढतो आणि ती पोरीला पूर्ण नावाने हाक मारते. रेघेच्या दोन्ही बाजूंनी. हे मला एकदा अचानक कळलं, नातीने पिठाचा डबा पालथा केला तेव्हा. तेव्हापासून मी गेलो की नातीला उद्योग कमी पडू देत नाही. टेबलाच्या कडेचा पेला मी हळूच तिच्या हाताशी सरकवतो. कपाटाचं खालचं दार उघडं ठेवतो. लेक म्हणते, "बाबा, तुम्ही आलात की हिच्या अंगात येतं." मी वर्तमानपत्र वाचत असतो.

काल तिने डाळीची बरणी ओतली. लेक आतून धावत आली आणि दारातच कडाडली, पूर्ण नाव. आधी विहीणबाईंचं. विहीणबाईंनी खिडकीपाशी बसल्या जागेवरून सवयीने "ओ" दिली. मग हिचं. तीन अक्षरं. ती लेकीच्या तोंडून निघाली आणि तिचाच आवाज जरा बसला, कारण हाक आईच्या नावाची होती. नात डाळीत हात घालून बसली होती, तिने वर बघितलं नाही. कुणीच उत्तर दिलं नाही. घरात ते नाव तसंच थांबून राहिलं.

मग मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणालो, "ओ."